दोन सुटकेसमधली चित्रे : तेरेझीनच्या चित्रवर्गाची पार्श्वभूमी

मन सावरण्यासाठी चित्र काढावे, ही गोष्ट आज समुपदेशक सहज सुचवतात. तिला ‘आर्ट थेरपी’ हे नाव मिळाले ते 1942 मध्ये, आणि ते देणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल हे स्वतः रुग्ण होते. क्षयरोगामुळे 1938 मध्ये सॅनेटोरियममध्ये दाखल झालेल्या हिल यांनी सक्तीच्या विश्रांतीचे दिवस चित्रे काढून निभावले आणि पुढे इतर रुग्णांच्या हातीही पेन्सिल दिली.

1942 च्याच डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीला पतीसह तेरेझीन येथे नेण्यात आले. आजच्या चेक प्रजासत्ताकातील या तटबंदीच्या गावात नाझींनी ज्यूंना डांबले होते. सोबत फक्त 50 किलो सामान नेण्याची मुभा असताना फ्रीडल यांनी त्यात चित्रकलेचे साहित्य भरले. मुलांसाठीच्या वसतिगृहांत त्यांनी चित्राचे वर्ग सुरू केले. कोरा कागद मिळणे कठीण होते, म्हणून छापील कार्यालयीन तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर कागदाचे कपटे चिकटवून मुले चित्रे रचत.

या वर्गांची मुळे जर्मनीतील वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत सापडतात, कारण 1919 पासून तेथे शिकताना तिथले शिक्षक, चित्रकार योहानेस इटेन यांच्याकडून मिळालेल्या शिकवणीतूनच लय, आकार आणि पोत यांचे सराव फ्रीडल यांनी मुलांपर्यंत आणले. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांच्या वर्गाचा गाभा निरीक्षण आणि सराव हा होता. समोरची वस्तू नीट न्याहाळणे, लयीत रेघा ओढणे, जुन्या चित्रकारांची चित्रे पाहून त्यांची मांडणी कागदाच्या तुकड्यांनी पुन्हा उभी करणे, अशा कामात मूल गुंतले की निदान तेवढा वेळ कागदावर काय उमटणार हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. भूक, गर्दी आणि ताटातूट यांतले काहीच त्याच्या हाती नसताना हा अधिकार लहान म्हणता येणार नाही. चित्रांत फुले, फुलपाखरे, घरातले जेवणाचे टेबल असे पुष्कळ आहे. तीन मजली खाटाही आहेत.

सप्टेंबर 1944 च्या अखेरीस पती पावेल यांची ऑशविट्झला रवानगी झाली, तेव्हा फ्रीडल यांनी पुढच्या गाडीसाठी स्वतःहून नाव दिले. 9 ऑक्टोबर 1944 रोजी ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथे त्यांची हत्या झाली. पावेल मात्र वाचले. मागे उरलेल्या दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे 4,500 चित्रे होती. युद्धानंतर तेरेझीनमधील मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोग यांनी ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली.

ही परंपरा मात्र त्याआधीच अटलांटिकपार गेली होती. व्हिएन्नात फ्रीडल यांच्याकडे शिकलेल्या एडिथ क्रेमर यांनी प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना शिकवण्यात त्यांना मदत केली होती. 1938 मध्ये न्यूयॉर्कला पोचलेल्या क्रेमर पुढे अस्वस्थ, दुखावलेल्या मुलांबरोबर काम करू लागल्या आणि अमेरिकेतील आर्ट थेरपीच्या प्रवर्तकांत गणल्या गेल्या. तिथल्याच दुसऱ्या प्रवर्तक मार्गारेट नॉमबर्ग यांनी चित्राकडे प्रामुख्याने अबोध मनात शिरण्याची वाट म्हणून पाहिले होते. क्रेमर यांचा भर मात्र चित्र मनापासून, नीट घडवण्यावरच होता, कारण सावरण्याची ताकद त्या घडवण्यातच आहे असे त्या मानत. तेरेझीनचे वर्ग डोळ्यांसमोर आणले की ही भूमिका कुठून आली असावी, हे ध्यानात येते.

फ्रीडल यांचा एक आग्रह होता, की प्रत्येकाने चित्रावर आपले नाव लिहावे. तेरेझीनमध्ये ज्यांची ओळख वाहतुकीच्या क्रमांकावर आली होती, अशा मुलांनी कागदाच्या कोपऱ्यात ओळखू येईल अशा अक्षरात आपापले नाव घातले. त्यांतली बहुतेक मुले परतली नाहीत. प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) यांतली काही चित्रे आज लावलेली आहेत, आणि ज्या चित्रांवर नाव आहे त्यांच्याखाली त्या मुलाचे पूर्ण नाव देता येते ते त्या कोपऱ्यातल्या अक्षरांमुळेच.