मॉडेल म्हणजे एआय नव्हे

सॉफ्टवेअर तपासायच्या ‘मॉडेल-बेस्ड टेस्टिंग’ या पद्धतीमधलं मॉडेल म्हणजे एआयचंच मॉडेल, ते लावलं की टेस्ट केस (काय करून पाहायचं आणि काय घडायला हवं, याच्या नोंदी) आपोआप तयार होतात, असं नव्याने शिकणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. इथे मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअर कसं वागायला हवं याचा नकाशा: अवस्था आणि त्यांना जोडणारे बाण. अशा नकाशावरून टेस्ट काढायची पद्धत संशोधक त्सुन चाऊ यांनी 1978 मध्येच मांडली होती.

ओटीपीचं लॉगिन घ्या. नंबर टाकला, ओटीपीची वाट, आत प्रवेश, खातं लॉक: चार अवस्था. तीनदा चुकीचा ओटीपी टाकला की लॉक, हा एक बाण. ग्राफवॉकरसारखं मोफत टूल प्रत्येक बाणावरून जाणारे मार्ग स्वतः शोधतं, तेही एआयशिवाय.

एआयची खरी मदत होते ती रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायला हवं, ते सांगणारा मजकूर) वाचून नकाशाचा कच्चा आराखडा करायला. पण नकाशा थेट कोडवरून काढून घेऊ नका. कोडमधला बगच ‘अपेक्षित वर्तन’ म्हणून त्यात उतरतो आणि सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झालेल्या दिसतात! दोनदा चुकल्यावर नवा ओटीपी मागवला, तर चुकांची मोजणी शून्यावर यावी का? हे आधी प्रॉडक्टवाल्यांना विचारा, मगच तो बाण काढा.