टू-स्ट्रोक रेसिंग मोटरसायकलींतील घरगुती फेरबदल

साधारण १९५० ते १९८५ या काळातल्या टू-स्ट्रोक रोड-रेसिंग मोटरसायकलींवर त्यांच्या मालकांनी किंवा छोट्या वर्कशॉपमधल्या कारागिरांनी स्वतःच्या हातांनी केलेले बदल. यात सिलिंडरची पोर्टे (भिंतीतली भोके) कोरणे, एक्झॉस्टचे चेंबर बनवणे, हेड नव्याने खरादणे, इग्निशन बदलणे, चौकट आणि ब्रेक बदलणे ही कामे येतात. पोर्टांचे काम यात सर्वांत मोलाचे, आणि एकदा केले की कायमचे.

फोर-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव कॅमशाफ्ट ठरवतो आणि नवा कॅम घासणे हे घरच्या हत्यारांचे काम नव्हे. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला तशा झडपाच नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोके असतात आणि वर-खाली जाणारा पिस्टन ती उघडतो, मिटतो. भोक कधी उघडणार हे त्याच्या कडेच्या उंचीवर ठरते. म्हणून ज्याच्याकडे कानस, हातात स्थिरता आणि अंगात चिकाटी होती, त्याला इंजिनाचे टायमिंग बदलता येत होते. याच एका गोष्टीमुळे टू-स्ट्रोकच्या प्रगतीत घरच्या वर्कशॉपला कारखान्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

याचा सर्वांत ठळक दाखला पूर्व जर्मनीतला आहे. डॅनिएल झिमरमन याने डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या घडणीवर आधारलेल्या आपल्या घरगुती १२५ सीसी इंजिनावर फिरती चकती-झडप बसवली आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) व स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही ५४ मिमी केले. चकतीमुळे इंधन-हवा आत घेण्याचा काळ पिस्टनच्या हालचालीपासून मोकळा झाला. झ्शोपाऊ येथील एमझेड कारखान्याचा अभियंता वॉल्टर काडेन याने ही कल्पना उचलली, तिला एक्झॉस्ट चेंबर आणि तिसऱ्या ट्रान्सफर पोर्टाची (ताजे मिश्रण सिलिंडरात आणणाऱ्या भोकाची) जोड दिली. १९६१ पर्यंत त्याचे १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रांप्रीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीवर ५० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. जपानी टू-स्ट्रोकच्या वैभवाची एक मुळी अशी एका खासगी कारागिराच्या बाकापर्यंत जाते.

खासगी स्पर्धकांची खरी गाडी मात्र यामाहा. कोणालाही विकत घेता येईल अशा टीडी आणि टीआर मालिकांनंतर १९७३ मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या टीझेड २५० आणि टीझेड ३५० आल्या. टीझेड ३५० म्हणजे दोन सिलिंडर, प्रत्येकी ६४ मिमी बोअर आणि ५४ मिमी स्ट्रोक, एकूण ३४७ सीसी. सगळ्यांकडे तीच गाडी असल्यामुळे पुढे जायचे तर ती घरी सुधारण्यावाचून गत्यंतर नव्हते. काही जण तर इंजिन ३५० सीसीच्या किंचित वर नेऊन तीच गाडी ५०० सीसी गटातही उतरवत.

पोर्टिंगची सुरुवात कापण्याने होत नाही, ठसा घेण्याने होते. सिलिंडरच्या आतून कागदाची पट्टी चिकटून बसवायची, तेलकट बोटाने किंवा पेन्सिलीने पोर्टांच्या कडांवरून घासायचे आणि पट्टी बाहेर काढून सपाट पसरायची. सिलिंडरचा नकाशा समोर येतो. दोन सिलिंडरांचे नकाशे शेजारी ठेवले की कारखान्याच्या ओतकामातला फरकही दिसतो. पुष्कळदा निम्मे काम फक्त दोन्ही बाजू सारख्या करण्याचे असते. मग क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला, अंशांची चकती लावून मोजमाप. ५४ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्टाची वरची कड १ मिमीने वर नेली, तर ते पोर्ट एका फेऱ्यात सुमारे ४ अंश जास्त उघडे राहते. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, खालची जाते. टीझेडच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा असे, त्यामुळे ग्राइंडर नेहमी बोअरच्या बाजूने बाहेर न्यावा लागे. उलट फिरवला तर मुलाम्याची कड उचलली जाई आणि सिलिंडर वाया. शेवटी कडा गोलसर केल्या नाहीत तर पिस्टनवरची रिंग पोर्टात अडकून मोडते. गेलेली धातू परत येत नाही. म्हणून जुने ट्यूनर एका बैठकीत मिमीचा दशांशच काढत आणि पुन्हा मोजत.

चेंबर ही दुसरी मोठी विद्या. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट पसरत्या शंकूत शिरते तेव्हा मागे ओढ निर्माण होते आणि जळलेला वायू खेचला जातो. पुढच्या निमुळत्या शंकूवरून लाट परतते आणि बाहेर सांडलेले ताजे मिश्रण पोर्ट मिटण्याआधी पुन्हा सिलिंडरात ढकलते. लांबी याच हिशेबाने ठरते. पोर्ट १९५ अंश उघडे आणि इंजिन ११,००० आरपीएमवर असेल, तर जाऊन-येऊन जेमतेम ३ मिलिसेकंद मिळतात. लाटेचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास धरला, तर परतीची जागा पिस्टनपासून साधारण ७६ सेंमीवर हवी. घरी हे चेंबर पातळ पत्र्याचे शंकू वळवून, एकामागे एक वेल्ड करून बनत. दुसरी रीत पाण्याच्या दाबाची: चेंबरच्या आकारात कापलेले दोन सपाट पत्रे कडेने वेल्ड करायचे आणि आत पंपाने पाणी भरायचे. सपाट पाकीट डोळ्यांदेखत फुगून गोल होते.

हेडचे काम लेथवर. पिस्टन वर आल्यावर तो आणि हेड यांच्यात कडेला फट किती उरते हे मोजायला प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार आत घालून क्रँक फिरवतात आणि चेपलेली तार मायक्रोमीटरखाली धरतात. या आकाराच्या सिलिंडरात ती फट १ मिमीच्या आसपास राखली जाते. कार्ब्युरेटरचे जेट मात्र त्या दिवसाच्या हवेनुसारच ठरे. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लगचा रंग वाचायचा. मिश्रण गरजेपेक्षा पातळ असले की पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरात अडकतो, म्हणून अनुभवी स्वाराची बोटे सरळ रस्त्यावरही क्लचवर असत. प्रेसने जोडलेला क्रँक फिरून वाकडा होऊ नये म्हणून पिनांची टोके वेल्ड करण्याचीही पद्धत होती.

अशा कामाची मजल कुठवर गेली ते दोन नावांवरून दिसते. न्यूझीलंडच्या किम न्यूकोम्बने बर्लिनच्या कोनिग कंपनीचे मोटरबोटीचे चार सिलिंडरी टू-स्ट्रोक इंजिन मोटरसायकलीत बसवले आणि १९७३ मध्ये ओपातिया येथे युगोस्लाव्हियाची ५०० सीसी ग्रांप्री जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोन येथे त्याचा अपघाती मृत्यू झाला. मोसमाअखेर विश्वविजेतेपदाच्या गुणतक्त्यात तो दुसऱ्या स्थानी होता. आणि १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा जॉन एकेरोल्ड बिमोटाच्या चौकटीत यामाहाचे इंजिन घेऊन, कारखान्याच्या संघाविना, शेवटच्या नुर्बुर्गरिंग शर्यतीत कावासाकीच्या अँटन मांगला हरवून ३५० सीसीचा विश्वविजेता झाला.

भारतात ही विद्या रस्त्यावरच्या गाड्यांतून आली. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेल्या राजदूत ३५०चे, म्हणजे यामाहा आरडी ३५०चे बोअर-स्ट्रोक टीझेड ३५०चेच, ६४ बाय ५४. महत्त्वाचा फरक असा की तिला रीड व्हॉल्व (मिश्रण फक्त आत सोडणारी पातळ पाकळ्यांची झडप) आणि बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतले अस्तर) होते. बिडाचे लायनर बोअर करून मोठा पिस्टन घालता येई, म्हणून चूक सुधारायला वाव होता. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर टू-स्ट्रोक गाड्यांच्या शर्यती रंगत, आणि महाराष्ट्रातल्या गॅरेजांत आजही ‘ब्लॉक पोर्ट केलाय’, ‘चेंबर लावलाय’ हे शब्द आरडी आणि आरएक्स १०० बद्दलच जास्त ऐकू येतात.

आज या गाड्या संग्रहात येतात तेव्हा जुने फेरबदल ठेवावेत की पुसावेत हा वाद होतो. मूळ कारखानी रूप देण्याच्या हौसेत हाताने कोरलेले सिलिंडर बदलले जातात आणि ठोकून वळवलेले चेंबर भंगारात जातात, ही मोठी हानी आहे. त्या कानशीच्या खुणा म्हणजे त्या गाडीने धावलेल्या शर्यतींची नोंद असते. जाणते दुरुस्तीकार इंजिन उघडल्यावर काहीही साफ करण्याआधी प्रत्येक सिलिंडरच्या पोर्टांचा कागदी ठसा घेतात, त्यावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहितात आणि तो गाडीच्या कागदपत्रांत लावून ठेवतात.