कुलूपबंद कारखान्यातला परका माल : अवसायनातील मालकीच्या दाव्यांची पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखादी कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती बंद करायला काढली, की तिच्या आवारातील प्रत्येक वस्तू हे काम पाहणाऱ्या अवसायकाच्या ताब्यात जाते. त्यांतल्या कित्येक वस्तू कंपनीच्या नसतात. जमीन बहुधा एमआयडीसीची, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते; साचे आणि डाय ऑर्डर देणाऱ्या ग्राहकाचे असतात, आणि जॉबवर्कसाठी (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करण्यासाठी) आलेला कच्चा माल तिसऱ्याच कोणाचा असतो. या मालकांनी आपली वस्तू परत कशी मिळवावी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत जवळजवळ उलटे झाले आहे.

ब्रिटिश काळात खाडीच्या दोन बाजूंना दोन कायदे होते. मुंबई शहराला 1909 चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी (दिवाळखोरी) कायदा लागू होता, तर ठाण्याला 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. नादार व्यापाऱ्याकडे विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता धनकोंमध्ये (ज्यांचे येणे आहे त्यांच्यात) वाटायची नाही, हे तेव्हाही मान्य होते. मात्र खऱ्या मालकाच्या संमतीने व्यापाऱ्याच्या ताब्यात असलेला माल लोकांना त्याचाच वाटावा अशी परिस्थिती असेल, तर तो त्याचाच धरून धनकोंना द्यावा, असा नियम दोन्ही कायद्यांत होता. दुकानातला भरलेला माल पाहून उधारी देणाऱ्याची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. हा विचार इंग्लंडमधून, सतराव्या शतकातील कायद्यातून आला होता. त्याचा भार मात्र विश्वासाने माल ठेवणाऱ्यावर पडत असे, आणि तो मला अन्याय्य वाटतो.

हे कायदे व्यक्तींचे आणि भागीदारी पेढ्यांचे होते. कंपन्यांसाठी 1956 च्या कंपनी कायद्यानुसार उच्च न्यायालयाशी संलग्न ऑफिशियल लिक्विडेटर (सरकारी अवसायक) ताबा घेई, आणि कंपनी ज्या मालमत्तेची हक्कदार आहे किंवा तशी दिसते ती सगळी त्याच्याकडे जाई. बाहेरच्या मालकाला दावा लावण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागे. प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत आणि साचे गंजत पडत.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ही रेषा स्पष्ट आखली. तिच्या कलम 36(4) नुसार कंपनीच्या ताब्यात असलेली पण दुसऱ्याच्या मालकीची मालमत्ता अवसायनाच्या मिळकतीत, म्हणजे धनकोंसाठी विकायच्या मालमत्तेत, येत नाही. विश्वस्त म्हणून किंवा निक्षेप कराराने (परत करण्याच्या बोलीवर) ठेवलेल्या वस्तू, केवळ वापरासाठी दिलेल्या वस्तू, तसेच कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही त्याबाहेर राहतात. भाडेपट्ट्याच्या जमिनीत कंपनीचा हक्क विकता येतो तो फक्त पट्ट्यापुरता, तोही पट्ट्याच्या अटी सांभाळून. मुंबई महापालिकेच्या जमिनीवरील सेव्हनहिल्स रुग्णालयाच्या प्रकरणात पालिकेच्या संमतीवाचून मंजूर झालेली कंपनी सावरण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केली.

तरीही अडचण उरते. अवसायनापूर्वी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न होतो त्या निराकरणाच्या काळात, संहितेच्या कलम 14(1)(d) मुळे, कंपनीच्या ताब्यातील मालमत्ता मालकालाही परत घेता येत नाही. अवसायनाचा आदेश झाला की ही स्थगिती संपते, पण तेव्हा पुरावा मागितला जातो आणि छोटा उद्योजक तिथेच अडखळतो. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल 1 वर्षात आणि भांडवली वस्तू 3 वर्षांत परत यायला हव्यात. साचे, डाय, जिग (काम पकडून धरणारी साधने) आणि अवजारे यांना मात्र ही मुदत नाही, त्यामुळे ती दुसऱ्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे राहतात आणि पाठवतानाचे चलन (माल पाठवल्याची पावती) हरवते. साच्यावर कोरलेला क्रमांक, चलन आणि करार ही तीन साधने असतील तर मालकी दाखवणे सोपे जाते. नसतील तर खरा मालकही रिकाम्या हाताने परततो.

त्यातही अनेकजण घाईने धनको म्हणून दाव्याचा अर्ज भरतात आणि संहितेच्या कलम 53 मधल्या पैसेवाटपाच्या रांगेत जाऊन उभे राहतात, जिथे तारण नसलेल्या व्यापारी धनकोंपर्यंत बहुधा काहीच पोहोचत नाही. वस्तूच परत हवी असेल तर अवसायकाकडे लेखी मागणी करावी, आणि त्याने ती नाकारली तर कलम 60(5) खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर मालक म्हणून अर्ज करावा. हे पाऊल लिलावाची नोटीस निघण्याआधी उचलायला हवे.