पेठांमधल्या वाड्यांना दुकानं कधी आली?

पुण्यात रविवार पेठेत नाहीतर बुधवारात खाली दुकान आणि वर लाकडी सज्जा असं घर दिसलं की आपण लगेच म्हणतो, पेशवाईतलं आहे. घर असेलही, पण खालचं दुकान बऱ्याचदा नंतरचं असतं.

सरदार-सावकारांचे वाडे रस्त्याकडे पाठ करूनच बांधलेले, म्हणजे दगडी जोतं, त्यावर जाड भिंत, एकच मोठा दरवाजा आणि त्यात दिंडी म्हणजे ये-जा करायचं छोटं दार, आत देवडी म्हणजे पहारेकऱ्यांची जागा, मग चौक, उजेड आणि वारा सगळा चौकातूनच. व्यापाऱ्यांचं वेगळं, त्यांना गिऱ्हाईक हवं, म्हणून ओट्यावर पेढी, मागे कोठार, माडीवर संसार.

1818 ला पेशवाई गेली, दरबारावर चालणारी घरं खचली आणि हळूहळू मोठ्या वाड्यांत भाडेकरू शिरले. रस्त्यावरच्या जागेला भाव आला तशी कित्येक वाड्यांची ती बंद भिंत फोडून गाळे निघाले. आणि हे जमलं ते बांधणीमुळे, कारण बऱ्याच ठिकाणी माडीचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असायचा, घर खणाखणाने (खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) मोजलेलं, मग दोन खांबांमधली भिंत काढली की दुकान तयार! दाराला फळ्या, वर-खाली खाचेत एकेक सरकवायच्या, क्रम चुकू नये म्हणून त्यांच्यावर आकडे. लोखंडी शटरं त्यानंतरची.

मग 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात भाडं धरलं 1940 च्या हिशोबाने. भाडेकरूंना आधार मिळाला हे खरंच, पण मालकाच्या हातात दुरुस्तीपुरतेही पैसे येईनात, कौलं गळत राहिली, तुळया कुजल्या. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले.

मला वाटतं जे वाचले त्यांत गाळेवाल्यांचा वाटा मोठा आहे, धंदा चालू म्हणून पुढची बाजू तरी ते सांभाळत राहिले, कित्येक ठिकाणी मागचा चौक पडलाय आणि पुढचं दुकान अजून उघडतंय. विश्रामबागवाड्यासारख्या नामांकित वास्तूंची डागडुजी होते, फोटो निघतात, पण गल्लीतल्या अशा साध्या वाड्याचं साधं मोजमापही कोणी घेत नाही आणि रीडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यात आधी निघतो तो हाच दर्शनी भाग.