डास चावल्यावरचा लाल घेर

ऐरोलीला खाडीच्या बाजूला संध्याकाळी जरा वेळ उभं राहिलं की डास आपलं काम उरकून जातात. चावल्या जागी गांधी उठते आणि तिच्याभोवती लालसर घेर पसरतो. गांधी हिस्टामिन या शरीरातच सुटणाऱ्या रसायनामुळे उठते, हे ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. घेराची गोष्ट जास्त गमतीची आहे. डासाची लाळ एवढ्या लांबवर पोचत नाही, मग तिथल्या रक्तवाहिन्या रुंद कशा होतात? (सावळ्या कातडीवर हा घेर नीट दिसत नाही, पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या हातांची असतात. पालथा हात लावून बघा, जागा कोमट लागते.)

ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२०च्या दशकात याचा पाठपुरावा केला. कातडीवर जोरात ओरखडा काढला की आधी लाल रेघ, मग भोवती घेर, मग फुगवटा, असा क्रम त्यांनी मांडला. त्या भागाची संवेदना वाहणारा मज्जातंतू तुटला, तरी घेर लगेच नाहीसा होत नाही. काही दिवसांनी तंतूची त्वचेतली टोकं मरतात, तेव्हा तो थांबतो. म्हणजे मेंदूची इथे गरजच नाही, टोकं जिवंत असली की पुरे.

होतं असं: एका मज्जातंतूला त्वचेत अनेक फाटे असतात. कल्याणहून निघालेली बातमी ठाण्याला यावी, एक प्रत सीएसएमटीला जावी आणि दुसरी ठाण्यातूनच वाशीच्या गाडीत बसावी, तसा संदेश फाट्यावर वळून शेजारच्या टोकांकडे उलटा धावतो. तिथे साठवलेली पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बाहेर पडतात. मज्जातंतू नुसता निरोप्या नाही, जागेवर कामही करतो.

यातलं मुख्य पेप्टाइड सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड), ३७ अमिनो आम्लांचं. ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलं आणि १९८५ मध्ये माणसाच्या त्वचेत टोचून पाहिलं गेलं. मात्रा अतिसूक्ष्म, पण लाली तासन् तास टिकली. सीजीआरपी बारीक रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. दाब तोच राहून नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर प्रवाह सोळापट होतो, म्हणून थोडंसं सैलावणंही पुरतं. जोडीला सबस्टन्स पी असतं, फक्त ११ अमिनो आम्लांचं. त्याने वाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि सूज येते. मिरच्या चिरल्यावर बोटांची जी आग होते, तीही याच टोकांची करामत: मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन त्यांना चेतवतं आणि दोन्ही पेप्टाइडं सुटतात.

आवळणारी पेप्टाइडंही आहेत. एसीच्या गारठ्यात बसून बोटं थंडगार पडतात, तेव्हा सिंपथेटिक मज्जातंतू (आपल्या इच्छेविना काम करणारे) नॉरएड्रेनलिन या वाहिन्या आवळणाऱ्या रसायनाबरोबर न्यूरोपेप्टाइड वाय सोडतात. रक्तवाहिनीचं अस्तर स्वतः एंडोथेलिन बनवतं. ते १९८८ मध्ये जपानमध्ये सापडलं आणि आवळण्याच्या कामात फार जबरदस्त आहे. या ओढाताणीचा आवाका मोठा आहे. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त फिरतं. कडक उष्म्यात ते ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. विश्रांतीत अख्खं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, हे लक्षात घेतलं म्हणजे मे महिन्यात भरदुपारी चालताना धाप का लागते ते कळतं.

डॉक्टरांना या घेराचा उपयोग फार पूर्वी कळला. कुष्ठरोगाच्या संशयित चट्ट्यावर हिस्टामिनचा थेंब टाकून सुईने टोचायचं. हिस्टामिन वाहिन्यांवर थेट काम करतं, म्हणून गांधी उठते. पण त्या जागची टोकं रोगाने मेली असतील, तर घेर येत नाही. मधुमेहातही हेच तत्त्व वापरतात: पायाची त्वचा ४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेर किती पसरतो ते लेझरने मोजतात. घेर आखडलेला असला, तर बारीक मज्जातंतूंना इजा पोचल्याची शंका घेतात, मग पायाला बधिरपणा जाणवत नसला तरीही.