मोरीची हलती भिंत आणि न वाकणारी लादी

गिरगावातल्या आमच्या चाळीत खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. तिच्याभोवती लोखंडी सांगाडा आणि सिमेंटचे बोर्ड उभारून बाथरूम केलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर दाराजवळच्या तीन लाद्या टकटक केल्यावर बद्द वाजू लागल्या. मिस्त्री म्हणाला, "ताई, या वेळी सिमेंट जास्त टाकतो, मग बघू कशी हलते!" नेमकं तेच करायचं नव्हतं.

भिंत हलते म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी नाही. दार आपटलं की तळहाताला थरथर जाणवते, एवढंच. शिवाय चाळीची जमीन लाकडी तुळयांवर. पावसाळ्यात दमट हवा पिऊन लाकूड फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाही. फुगतं ते लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेने. म्हणजे तुळईची उंची बदलते आणि तिच्यावर उभी असलेली भिंत पावसाळ्यात किंचित उचलली जाते, हिवाळ्यात खाली बसते.

टॉवरमधल्यांनी सुटलो म्हणू नये. नवं काँक्रीट सुकताना मीटरला साधारण अर्धा मिलिमीटर आक्रसतं. उलट भट्टीतून कोरडीठाक निघालेली सच्छिद्र लादी हवेतली ओल शोषत वर्षानुवर्षं कणभर वाढत राहते. काँक्रीट आखडतं, लादी वाढते आणि मध्ये दोघांना जखडणारं कडक सिमेंट. मग एखाद्या दुपारी फाट्‌कन आवाज होतो आणि मधल्या लाद्या तंबूसारख्या उचलल्या जातात.

लादी दाब भरपूर सोसते, ताण नाही. याचं कारण ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ मध्ये मांडलं. ठिसूळ पदार्थात मुळातच सूक्ष्म चिरा असतात. दाबलं की त्या मिटतात. ताणलं की सगळा जोर चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि ती पुढे सरकते. मिस्त्रीचं जास्तीचं सिमेंट सुकताना आणखी आक्रसतं आणि मिश्रण अधिकच ठिसूळ करतं.

लादी चिकटवायच्या तयार पावडरीत सिमेंटबरोबर पॉलिमरची भुकटी असते. पाणी घातलं की तिचे कण सुटे होतात आणि सुकताना सिमेंटच्या स्फटिकांमध्ये रबरासारखे पातळ पडदे तयार होतात. थर थोडा कलू शकतो, म्हणून भिंतीची हालचाल जशीच्या तशी लादीपर्यंत पोचत नाही. युरोपीय मानकात यासाठी सोपी चाचणी आहे: ३ मिलिमीटर जाडीची पट्टी तुटेपर्यंत किती वाकते? निदान २.५ मिलिमीटर वाकली तर 'एस१', ५ मिलिमीटर वाकली तर 'एस२'. व्हिट्रिफाइड लादीला तर ही पावडर लागतेच. तिच्यात छिद्रं जवळपास नसल्याने साध्या सिमेंटला पकड मिळत नाही. पावडर दातेरी थापीने सगळीकडे सारखी पसरायची. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, ही आपल्याकडची आवडती पद्धत लादीमागे पोकळी सोडते. बद्द आवाज तिथूनच येतो.

पण पावडर जादू नाही. हात टेकला की वाकणारी भिंत आधी ताठ करावी लागते, आणि इथे गणित आपल्या बाजूने आहे. एकावर एक नुसते ठेवलेले दोन बोर्ड एकाच्या दुप्पट ताठ होतात. तेच चिकटवून एकजीव केले तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांमधलं अंतर निम्मं केलं, तर हाताच्या तेवढ्याच जोराने बोर्ड एक अष्टमांशच वाकतो. आम्ही दोन्ही केलं. थरथर गेली, लाकडाचं फुगणं अर्थातच राहिलं.

ते सामावून घ्यायला कोपरे आहेत. दोन भिंती मिळतात तिथे आणि भिंत जमिनीला टेकते तिथे व्हाइट सिमेंट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. त्याच नावाचं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या त्यातल्या साखळ्या सहज वळतात. मात्र ते समोरासमोरच्या दोन बाजूंनाच चिकटायला हवं. सांध्याच्या तळालाही चिकटलं तर मोकळेपणाने ताणता येत नाही आणि फाटतं. म्हणून तळाशी फोमची दोरी घालतात.

पहिली आणलेली नळी उघडताच व्हिनेगरचा वास आला. हे सिलिकॉन हवेतली वाफ घेऊन घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि सिमेंट अल्कधर्मी, त्यामुळे पकड बिघडते. बदलून आम्ल न सोडणारी 'न्यूट्रल' आणली. तिला वास जवळजवळ नव्हता, म्हणून मिस्त्रीला ती डुप्लिकेट वाटली.