व्हिप, पक्षनिष्ठा आणि खासदाराच्या मतदानाचा रेकॉर्ड

व्हिप म्हणजे सभागृहात एखाद्या विषयावर कसं मत द्यायचं याचा पक्षाने आपल्या खासदार-आमदारांना दिलेला लेखी आदेश. मराठीत पक्षादेश म्हणतात, आणि तो काढणारा तो प्रतोद, पण बोलताना त्या माणसालाही सरळ व्हिपच म्हणतात. एक ओळीचा व्हिप म्हणजे नुसती माहिती, दोन ओळींचा म्हणजे सभागृहात हजर रहा, आणि तीन ओळींचा म्हणजे हजर रहा आणि सांगितलंय तसंच मत द्या. बातम्यांमध्ये "व्हिप बजावला" असं येतं तेव्हा बहुतेक वेळा हा तिसराच असतो.

एखाद्या खासदाराने पाच वर्षांत कशाला पाठिंबा दिला नि कशाला विरोध केला हे बघून त्याची पारख करावी असं कुणालाही वाटेल आणि वाटायलाच हवं. पण भारतात हा रेकॉर्ड शोधायला गेलं की दोन अडचणी येतात. एक तर बहुतेक वेळा नावानिशी नोंदच होत नाही, आणि जिथे होते तिथे ते मत त्या माणसाचं कमी आणि पक्षाचं जास्त असतं, कारण वेगळं मत दिलं तर सदस्यत्वच जाऊ शकतं.

आधी नोंदीचं बघू. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, मग "होयचे बहुमत" म्हणून विषय संपतो, कोण काय म्हणालं ते कुठेच लिहिलं जात नाही. कुणी मतविभाजन मागितलं तरच मोजणी होते, म्हणजे लोकसभेत जागेवरचं बटण दाबून किंवा चिठ्ठ्यांवर, विधानसभेत शिरगणती. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं आली तेव्हा विरोधक मतविभाजन मागत होते, गोंधळ चालू होता, आणि ती आवाजी मतदानानेच पास झाली. महाराष्ट्रातही १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्यावरून मोठा वाद झाला. सरकार टिकतंय की पडतंय इतक्या मोठ्या प्रश्नावर आपल्या आमदाराने काय केलं हे मतदाराला कागदावर बघता येऊ नये हे खरंच बरोबर नाही.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं. म्हणूनच २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षण विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असा आकडा नोंदला गेला आणि ते दोघे एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते हे सगळ्यांना कळलं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा कोटा हवा अशी त्यांची मागणी होती. तुम्हाला पटो न पटो, पण आपल्या खासदाराने काय केलं आणि का केलं हे तिथल्या मतदाराला स्वच्छ दिसलं.

आता दुसरी अडचण, पक्षाची. १९६७ च्या निवडणुकीनंतर देशभर पक्षांतराची लाटच आली, हरियाणातले गयालाल यांनी थोड्याच दिवसांत इतक्या वेळा पक्ष बदलला की "आयाराम गयाराम" हा शब्दच रूढ झाला. त्यावर तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालातला आकडा आजही वाचण्यासारखा आहे, पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं होतं. म्हणजे ही माणसं विचार बदलला म्हणून गेली नव्हती, आणि कायदा हवा ही मागणी तेव्हा अगदी रास्त होती. तरी तो यायला १९८५ उजाडलं. राजीव गांधींच्या काळात ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत दहावं परिशिष्ट आलं, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. स्वतःहून पक्ष सोडला तर सदस्यत्व जातं, आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगी न घेता मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तरीही जातं. निर्णय अध्यक्षांचा. पुढे गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९४ ला सांगितलं की लेखी राजीनामा दिला नसला तरी वागण्यावरून पक्ष सोडलाय असं धरता येतं.

सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती "फूट" मानून सूट मिळायची, ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र उघडी ठेवली. म्हणजे किरकोळीला बंदी आणि घाऊकला परवाना. गोव्यात जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले ते याच वाटेने. एकटा आमदार मनापासून एखाद्या विधेयकाला नाही म्हणाला तर त्याची आमदारकी धोक्यात आणि दहा जण मिळून पक्षच बदलून बसले तर सगळे सेफ, हे मला या कायद्याचं सगळ्यात वाईट अंग वाटतं.

रेकॉर्डमधून माणूस नाही, पक्ष दिसतो याचं ठळक उदाहरण म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती विधेयक. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० ने पास झालं तेव्हा शिवसेनेने बाजूने मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. दोन्ही सभागृहांतले खासदार वेगळे, पण ठरवणारा पक्ष एकच.

आदेश मोडणारे थोडे, म्हणून ते लक्षात राहतात. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, त्यात नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश डावलून सरकारविरुद्ध मत दिलं होतं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून सरकारचा पाठिंबा काढल्यावर माकपने आपलेच असलेले लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चटर्जींना पद सोडायला सांगितलं, ते म्हणाले अध्यक्ष कुठल्या पक्षाचा नसतो, आणि विश्वासमताच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जुलैला, इतक्या वर्षांच्या या कॉम्रेडची पक्षातून हकालपट्टी झाली.

आणि व्हिप कुणाचा हाच वाद असेल तर? महाराष्ट्राने हेही बघितलं. जुलै २०२२ ला शिवसेनेचे दोन प्रतोद होते, ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले, दोघांचे व्हिप एकमेकांच्या उलट, त्यामुळे कुणीही कसंही मत दिलं तरी कुठला ना कुठला व्हिप मोडणारच होता. ४ जुलैला शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ ने विश्वासमत जिंकलं. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा असतो, विधिमंडळ पक्षाने, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांच्या गटाने नाही, आणि गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच राहिला, आणि १० जानेवारी २०२४ ला राहुल नार्वेकरांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना मानली, गोगावलेंची नेमणूक वैध धरली आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही.

राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत मत गुप्त असतं आणि व्हिप चालत नाही. १९६९ ला इंदिरा गांधींनी "अंतरात्म्याच्या आवाजाने" मत द्या म्हटलं आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी हरले, व्ही. व्ही. गिरी जिंकले. २००७ ला शिवसेनेने एनडीएत असूनही मराठी म्हणून काँग्रेसच्या प्रतिभा पाटलांना पाठिंबा दिला.

बाहेर चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन यांनी स्वतःच्या लेबर पक्षाच्या सरकारविरुद्ध ४०० पेक्षा जास्त वेळा मत दिलं, तरी खासदारकी गेली नाही, उलट २०१५ ला तेच पक्षाचे नेते झाले. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मिशिगनमधून निवडून गेलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचं प्रत्येक नोंदवलेलं मत घरबसल्या ऑनलाइन बघता येतं. बेळगावच्या खासदाराचं तसं बघता येत नाही, त्याची हजेरी मिळेल, विचारलेले प्रश्न मिळतील, संसदरत्न पुरस्कारही याच असल्या गोष्टींवर मिळतो, मतं मात्र मतविभाजन झालं असेल तेवढीच, तीही लोकसभेच्या कामकाजाच्या वृत्तांतात शोधत बसायची.

व्हिपची सक्ती फक्त सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवा असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात कायदा वैध ठरवतानाही व्हिप जपून वापरा अशाच आशयाचं म्हटलं. खासदार मनीष तिवारींनी यासाठी २०१० पासून पुन्हा पुन्हा खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक, आणलंय, पण संसदेत खासगी विधेयक पास होऊन त्याचा कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७० ची आहे.